पंचमाची भुवई

“हा कोण?” मी विचारलं आणि पेटीवर पसरलेल्या पंच्याखाली एक पट्टी दाबून धरली.

समोर सतरंजीवर अकरा पोरं बसली होती. पंचा अशासाठी, की कोणती पट्टी दाबली ते दिसू नये. नुसतं ऐकून सूर ओळखायचा आणि त्याचं नाव सांगायचं.

“रे!” एक ओरडला. “ध!” दुसरी ओरडली. सगळं अंदाजपंचे चाललं होतं.

“गप्प बसा. अक्काताई, तू सांग.”

अक्काताई मुसळे नेहमीप्रमाणे माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. वय वर्षं सहा, दोन घट्ट वेण्या, कानात कापसाचा बोळा. मध्ये कुणाचं डोकं आलं तर ती ते सरळ हातानं बाजूला करायची.

“ग,” ती मोठ्यानं म्हणाली.

“बरोबर. आणि हा?”

“नी.”

“हा?”

“म.”

“चुकलीस. पंचम होता तो, प. पण शेजारचाच सांगितलास, चालेल.”

तिची चूक झाली तर ती एवढीच व्हायची, म आणि प यांच्यात. बाकीची पोरं महिनोन्महिने साच्या पुढे सरकत नव्हती, आणि ही साती सूर पटापट सांगायची. गाताना मात्र तिचा सूर कुठल्या कुठे जायचा. मी म्हणायचे, गळा मागाहून तयार होतो. वर्गाच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरात लिहूनच ठेवलं होतं, ‘आधी कान, मग गळा’. त्या पाटीचा मला फार अभिमान होता.

हे शहाऐंशी सालचं. इचलकरंजीतल्या एका लहानशा शाळेत मी गाणं शिकवत होते. शाळेच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने होते आणि त्यांची खडखड दिवसभर भिंतीतून आत यायची. गावात सगळेच ओरडून बोलत. सोमवारी वीज बंद असायची, माग थांबायचे, आणि गाव एकदम हळू बोलायला लागायचं. फक्त अक्काताई सोमवारीही तशीच ओरडायची. “अगं, आज माग बंद आहेत,” असं मी म्हटलं की सगळा वर्ग हसायचा आणि तीही हसायची.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि सहा वर्षं हंगामी होते. दर एप्रिलमध्ये मला सेवामुक्तीचं पत्र मिळायचं आणि जूनमध्ये नेमणुकीचं. राहत होते भावाकडे. वहिनी वाईट नव्हती, पण तिच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ‘यंदा तरी’ असायचं. त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका सरनोबत बाईंनी मला खोलीत बोलावलं.

“निर्मला, संस्थेचे चिटणीस येतायत, दसऱ्यानंतरच्या शनिवारी. देवस्थळी वकील. गाण्याचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवणार आहेत. ठेवला, तर तू कायम होशील. नाही तर मला काही करता येणार नाही.”

“काय दाखवू त्यांना?”

“त्या मुसळ्यांच्या पोरीला बसव पुढे. मागवाल्याची सहा वर्षांची पोर सूर ओळखते म्हटल्यावर वकील काय बोलतील? गप्पच होतील.”

शनिवारला अठरा दिवस होते तेव्हा माझी दाढ सुजली. गाल फुगला, बोलताना कळ यायची. शिवाय लवंगेच्या तेलाचा वास येत होता, म्हणून तोंडावर पदर धरून मी वर्गात गेले. पेटीवर पंचा घातला.

“अक्काताई, हा कोण?”

ती नुसती बघत राहिली.

“सांग की.”

“सा?”

“नाही. हा?”

“ग. न्हाई, सा. न्हाई, नी.”

पोरं खिदळायला लागली. तिचा चेहरा रडवेला झाला. ती उठली, माझ्याजवळ आली आणि दोन बोटांनी माझा पदर खाली ओढला.

“बाई, दिसंना,” ती म्हणाली.

“काय दिसेना?”

“सूर.”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग माझं हसू थांबलं.

शाळा सुटल्यावर मी तिला मागे ठेवून घेतलं. ओठ गच्च मिटून पेटी वाजवली. तिला एकही सूर आला नाही. मग मी एक गोष्ट केली. भाता मारलाच नाही. पेटीतून आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता. पंच्याखाली पट्टी दाबली आणि ओठांनी नुसतं, आवाज न करता, ‘ध’ म्हटलं.

“ध,” अक्काताई खुशीत म्हणाली.

वाजवताना सूर मनात म्हणायची मला लहानपणापासून सवय. मनात म्हणजे मला वाटायचं मनात. ओठ हलतात हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. म आणि प म्हणताना ओठ सारखेच मिटतात, हेही तेव्हाच लक्षात आलं.

“सूर कुठनं येतो गं?” मी विचारलं.

“तुमच्या तोंडातनं.”

“मग ही पेटी कशाला आहे?”

तिनं जरा विचार केला. “ह्यो तुमचा माग हाय. आई आन् दादा बी असंच करत्यात. हात मागावर, आन् तोंडानं बोलायचं.”

कारखान्यात मी एकदोनदा गेले होते. तिथे ऐकू येणं शक्यच नसतं. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, दोन माग सोडून पलीकडच्याला जेवायला चल म्हणून सांगतात. या पोरीचा पाळणाच तिथे बांधलेला होता. तिच्या लेखी ऐकणं म्हणजे हेच, आणि सगळे जण असंच ऐकतात.

मी तिच्या पाठीमागे गेले आणि टाळी वाजवली. काही नाही. उजव्या कानाशी अगदी जवळ, जोरात वाजवली तेव्हा तिनं मान वळवली. त्याच कानात बोळा होता. तो ओला होता आणि त्याला घाण वास येत होता.

“दुखतो का कान?” मी समोर येऊन विचारलं.

“रोज न्हाई,” ती म्हणाली.

घरी जाताना मी ठरवलं, उद्या तिच्या आईला बोलावायचं. दुसऱ्या दिवशी ठरवलं, परवा. तिसऱ्या दिवशी वर्ग घेताना म वाजला, प वाजला, आणि पंचमाला मी भुवई उचलली. ‘प’ म्हणायचं आणि उजवी भुवई जराशी वर. अक्काताईला ते दोन वेळा दाखवावं लागलं, तिसऱ्यांदा नाही. त्यानंतर ती म आणि प यांत कधीच चुकली नाही. सरनोबत बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरीचा कान दिवसेंदिवस तयार होतोय.”

मी फसवते आहे हे मला कळत होतं. मी स्वतःला सांगत होते, फक्त शनिवारपर्यंत. कान काही आज खराब झालेला नाही, दोन आठवड्यांनी काय बिघडतं?

आणि मग तिची आईच आली. मधल्या सुट्टीत हौसाबाई फाटकापाशी उभी होती. ती एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी तशीच होती.

“बाई, एक इचारायला आलो,” ती म्हणाली. तिकडच्या बायका आलो-गेलोच म्हणतात. “आक्कीचा कान वाहतोय बगा, लई दिस झालं. दवाखान्यात नेलीती. त्यो डाक्टर म्हणतोय, मिरजंला मोठ्या डाक्टरला दावा, लगोलग. आतनं सडतंय म्हणं. आन् ऐकूबी येत न्हाई म्हणं तिला.”

“मग?”

“तिचं वडील म्हणत्यात, डाक्टर येडा हाय. पोरगी गाण्याच्या वर्गात पयली हाय, आन् ऐकू येत न्हाई? मलाबी काय उमगंना. घरात आमी बोलतो ते तिला समदं कळतंय. मी म्हटलं, बाईंस्नी इचारतो. कानाचं त्येंच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? तुमी सांगा. न्या म्हटलं तर उद्याच्या उद्या नेतो.”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या घरातली सगळीच तोंडाकडे बघत.

मी काय बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हटलं, “हौसाबाई, सूर ओळखण्यात तिच्यासारखं आमच्या वर्गात कुणी नाही.”

“म्हंजे ऐकू येतंय न्हवं?”

“म्हटलं ना. शनिवारी तिचा कार्यक्रम आहे, तो होऊ दे. मग सवडीनं जाऊन या मिरजेला.”

हौसाबाईनं डोळे पुसले. कापसाची भुकटी गालभर पसरली. “लई जिवाला घोर लागलाता बाई,” असं म्हणून ती माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. मागे घेतले तर तिला काहीतरी कळेल, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी देवस्थळी वकील आले. कडक इस्त्रीचं धोतर, हातात छत्री. पोरांची पेटीसमोर रांग. मी वाजवत गेले, अक्काताई सांगत गेली. सा, ध, रे, प, म, नी, ग. एकही चूक नाही. सरनोबत बाई इतक्या खूश होत्या की त्यांचं चहाकडे लक्षच नव्हतं.

“बाई, जरा उठता?” वकील मध्येच म्हणाले. “आम्हीही कॉलेजात असताना पेटी बडवलेली आहे. एकदा मी वाजवतो. पोरं मास्तरांच्या हाताला सरावतात, कोर्टात साक्षीदार वकिलाला सरावतात तसे.”

तिथे सगळं थांबू शकलं असतं. मी नुसती खिडकीपाशी जाऊन उभी राहिले असते, तरी पुरलं असतं. मी उठले आणि वकिलांच्या खांद्यामागे, अक्काताईच्या बरोबर समोर उभी राहिले. पंच्याखाली त्यांचं बोट कुठे आहे ते मलाही दिसत नव्हतं. पण मला ऐकू येत होतं. ते वाजवत होते, मी ओठ हलवत होते, ती सांगत होती. त्यांनी पंचम वाजवला. मी भुवई उचलली.

“प,” अक्काताई म्हणाली.

वकिलांनी भाता सोडला. “वा,” ते म्हणाले. “ह्याला म्हणतात कान.”

दारात हौसाबाई उभी होती. कारखान्यातून तासाभराची सुट्टी काढून आली होती. ती रडत होती.

बुधवारी मला कायम केल्याचं पत्र आलं. वहिनीनं शिरा केला. शुक्रवारी वर्गातल्या एका पोरीनं सांगितलं, आक्कीला लई ताप हाय, मान वळवंना, तिला मिरजेला नेलीय.

रविवारी मी मिरजेला गेले. तिथल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एक तरुण डॉक्टर भेटले. मी अक्काताई मुसळेबद्दल विचारलं, तेव्हा त्यांना मी नात्यातली वाटले.

“वाचली,” ते म्हणाले. “पू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता, ऑपरेशन करावं लागलं. ऐकू मात्र आता येणार नाही. डावा कान पूर्वीच गेलेला होता, गोवरात वगैरे. उजव्यात निम्मं तरी शिल्लक असणार. यंत्र लावून चाललं असतं. पंधरा दिवस आधी आणायला हवी होती.”

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“आणणार होते म्हणे. शाळेतल्या कुणा बाईंनी सांगितलं की पोरीला उत्तम ऐकू येतं. कोण ह्या बाई, तुम्हाला माहीत आहेत?”

“नाही,” मी म्हटलं.

आत खाटेवर अक्काताई डोक्याला पट्ट्या बांधून पडली होती. चेहरा एवढासा झालेला. मला बघून तिनं हात वर केला.

“बाई, सूर घाला,” ती म्हणाली.

हौसाबाई पायथ्याशी बसली होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मला काय करावं ते सुचेना. मी ओठांनी ‘रे’ म्हटलं.

“रे,” अक्काताई म्हणाली.

मी ‘नी’ म्हटलं. ती “नी” म्हणाली. मग मी ‘प’ म्हटलं, आणि सवयीनं भुवई वर गेली. “प.”

हौसाबाई ताडकन उठली. “ऐकू येतंय की वो हिला! डाक्टर खोटं बोलतोय. बाईंचं येतंय ऐकू!” ती वॉर्डभर सांगत सुटली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हात जोडायला लागली. मी पिशवी उचलली आणि बस चुकेल असं सांगून बाहेर पडले.

हौसाबाईनं मला कधीच दोष दिला नाही. तिनं आपल्या मनाशी हिशेब लावला तो असा, की पोरीला चांगलं ऐकू येत होतं, बाई साक्षीला आहेत, एका तापानं घात केला. देवाची मर्जी. भेटली की पाया पडायची, मरेपर्यंत. अक्काताई दोन वर्षं शाळेत आली, मग बंद झाली. पुढे ती मागावर लागली. तिथे कान लागत नाहीत. कायम झाल्यावर मी सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाले. वर्गातली ती पाटी मी मिरजेहून आले त्याच आठवड्यात उतरवली होती. सरनोबत बाईंनी कारण विचारलं, तेव्हा वाळवी लागली असं सांगितलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, एका सोमवारी सकाळी, अक्काताई माझ्या दारात आली. मी लगेच ओळखलं. आता तिशी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत. कडेवर चार वर्षांची मुलगी.

“बाई, वळखलासा?” तिचा आवाज सपाट झाला होता, आणि शब्द कडांना झिजल्यासारखे येत होते. “ही माझी प्रांजल. हिला बगा जरा. ऐकू येतंय काय?”

“दवाखान्यात दाखवलं नाहीस?” मी सावकाश म्हटलं.

“दावलं. येतंय म्हणत्यात, यंत्रावर बगून. यंत्राचं काय खरं. आई म्हणायची, डाक्टरपरास बाईंचा शबुद. तापाच्या आदी मला ऐकू येत हुतं, ते तुमीच सांगितलं हुतं. तुमी सांगा, म्हंजे माजं मन निवांत हुईल.”

मी पेटी काढली. पंचा पसरला. प्रांजलला समोर बसवलं आणि सांगितलं, वाजलं की हात वर करायचा, नाही वाजलं तर नाही. अक्काताई माझ्या बाजूला बसली. पट्टीवर बोट ठेवलं, आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. मी तोंडावरून पदर घेतला आणि मागे गच्च खोचला. एकदा तरी हे काम नीट व्हायला हवं होतं.

वाजवलं. पोरीनं हात वर केला. अगदी हळू वाजवलं, तरी वर. नुसता भाता मारला, पट्टी दाबली नाही. पोरीचा हात मांडीवरच राहिला. असं मी वीस वेळा केलं. वीसही वेळा बरोबर.

“येतंय हिला ऐकू,” मी म्हटलं.

अक्काताई नुसती बघत राहिली. मग तिनं दोन बोटांनी माझा पदर खाली ओढला.

“बाई, दिसंना,” ती म्हणाली.

“हिला ऐकू येतंय. चांगलं येतंय.”

तिनं डोळे मिटले, पोरीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिचं लक्ष माझ्या गळ्याशी लोंबणाऱ्या पदराकडे गेलं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत होती.

“ह्यो आता कशाला बांदला हुता?”

मी पदर खांद्यावर घेतला.

“हिनं तोंड बगू नये म्हणून,” ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “पंचमाला तुमी भुवई उचलायचा. मला याद हाय. बाकीच्या पोरास्नी नव्हती ती. माज्यासाठीच हुती.”

“हो.”

“म्हंजे तुमास्नी ठावं हुतं.”

“हो. तुझी आई विचारायला आली त्याच्या आधीपासून.”

एवढं बोलायला मला एकोणतीस वर्षं लागली. तिनं पोरीला उचललं, खांद्यावर घेतलं आणि चपला पायात सरकवून जिना उतरायला लागली. मी तिच्या मागे कठड्यापर्यंत गेले. “अक्काताई,” मी हाक मारली, “मला कायम व्हायचं होतं गं. दुसरं काही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोलले. तुझा निम्मा कान शिल्लक होता, तो माझ्यामुळे गेला.”

तिनं वळून पाहिलं नाही. ती पाठ करून चालली होती, तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचणार नव्हतं, आणि म्हणूनच मला ते इतक्या सरळ बोलता आलं. त्या दिवशी सोमवार होता, माग बंद होते, सगळं गाव शांत होतं. आईच्या खांद्यावरून प्रांजल माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.